पारकीनसाहेबांची ठेव

“ठेव हाये ती, सिंधू. आपली नाय. मागायला कुणी आलं तर नाय म्हणू नको, आन् रिकाम्या हातानं धाडू नको.”

पुंजामामंजींना जाऊन चाळीस वर्षं होत आली. पण सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांवर पदर घेऊन सिंधुबाई पंपघराच्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि तांब्या कलता केला, की सासऱ्यांचा हा आवाज यायचाच. त्याला वाट करून देऊन मग त्या देवाचं नाव घ्यायच्या.

आज मागायला कुणीतरी येणार होतं.

पाणी मुळाशी मुरेपर्यंत त्या वेलीकडे बघत राहिल्या. पंपघराची भिंत, पत्र्याचं छप्पर, शेजारच्या शेवग्याचं अर्धं खोड, सगळं तिनं कवेत घेतलं होतं. माघातलं ऊन अजून कोवळं होतं आणि पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके त्यात हलत होते. बाहत्तरच्या दुष्काळात ही वेल वाळून काडी झाली होती. तेव्हा सिंधुबाईंनी नेम धरला होता, ही वाचली तर हिला रोज अंघोळीनंतर पहिलं पाणी आणि जन्मभर लोखंड लावणार नाही. कात्री नाही, कोयता नाही, सुरी नाही. गळलेल्या पाकळ्या तेवढ्या देवाला. वेल वाचली. नेमही आजवर मोडला नव्हता. बाळंतपणात, आजारपणात, यजमान समाधान गेले त्या दिवशीसुद्धा कुणी ना कुणी त्यांच्या नावानं तांब्या ओतलाच होता.

“बाई गं, तुझ्या माहेरचं माणूस येतंय,” त्या वेलीला हळूच म्हणाल्या. “माझे केस पिकले, तुझाही रंग गेला. वळखंल का ती तुला?”

त्या लग्न होऊन विधातेमळ्यात आल्या तेव्हा हिची फुलं गुलाबी होती, कापलेल्या पेरूच्या गरासारखी. मग कधीतरी ती फिकट होत गेली, लहान झाली, पांढरी झाली. सिंधुबाईंना त्यात नवल वाटलं नव्हतं. वय झालं की होतं असं.

*

सिंधुबाईंची थोरली सून सुवर्णा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. खिडकीतून तिला धाकट्या दिराची गाडी वळताना दिसली आणि नंतर जे दिसलं त्यानं तिचा हात थांबला. रवीराज उतरला, त्यानं थोरल्या भावाला खूण केली, आणि तिचा नवरा सुनील, जो गेल्या दिवाळीत पॉलीहाऊसची वाटणी झाल्यापासून रवीराजशी कामापुरतंच बोलत होता, तो निमूट त्याच्यामागे गेला. दोघं भाऊ गाडीच्या डिकीत डोकं खुपसून उभे राहिले.

सुवर्णानं हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर आली.

डिकीत गोणपाटाखाली एक कुंडी होती. कुंडीत चांगला कमरेएवढा गुलाब, आणि त्याला तीन गुलाबी फुलं.

“हे काय आणलंत भाऊजी?”

रवीराज दचकला. “काय नाय वहिनी. असंच. नर्सरीत दिसला.”

“स्वतःची दोन एकर गुलाबाची शेती असलेला माणूस नर्सरीतून कुंडी आणतो?”

रवीराजनं भावाकडे पाहिलं. सुनीलनं आभाळाकडे.

“हे बघा,” रवीराज शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, “ती इंग्रज बाई चार हजार मैलांवरून तिच्या आजोबांचा गुलाब बघायला येतेय. आन् आईचा तो गुलाब... म्हणजे कसं सांगू...”

“तो गुलाबच नाही,” सुवर्णा म्हणाली. “खुंट आहे.”

दोघं भाऊ तिच्याकडे बघत राहिले.

“तुला माहितीये?” सुनीलनं विचारलं.

“पॉलीहाऊसमध्ये कलमाचे डोळे भरायला शिकले त्या वर्षीच कळलं. जातिवंत गुलाबाच्या देठाला पाच पानं, त्या रानटी खुंटाच्या देठाला सात. एकदा आत्याबाईंच्या मागं उभी राहून मोजली, आणि गप्प बसले. तुम्हाला?”

“मला लय आधीपासून,” सुनील म्हणाला. “तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाय.”

“मला?”

“तू आईच्या आजारपणात महिनाभर पाणी घातलंस तिला. उपास धरून.”

“अहो, मी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमच्या आजोबांच्या हातची वेल म्हणून.”

रवीराज हसायला लागला. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत. “म्हणजे अख्खं घर गुलाबाचा धंदा करतं, आन् अख्ख्या घराला माहितीये की दारातला गुलाब मेलाय. फक्त आई सोडून.”

हसता हसता तोही थांबला. कारण गोष्ट सरळ होती आणि तिघांनाही ती कळत होती. पुंजाबाबांनी, देवळाली स्टेशनचे माळी असताना, तिथल्या रानगुलाबाच्या खुंटावर पारकीनसाहेबांच्या, म्हणजे त्या इंग्रज बाईच्या आजोबांच्या, गुलाबाचा डोळा भरला होता, सालीत कोंब बसवून कलम केलं होतं. अशा कलमाला खालून खुंटाचे फुटवे येतच राहतात. ते वेळच्या वेळी कापले नाहीत तर खुंट वर चढतो आणि वरचा गुलाब दबून मरतो. शेजाऱ्याच्या मळ्यात असं झालं असतं तर विधात्यांनी नावं ठेवली असती. इथं कापायचं कुणी? लोखंड लावायचं नव्हतं.

“ही कुंडी पंपघरामागं ठेवायची,” रवीराज म्हणाला. “वेलीत थोडी दडवायची. बाईला दाखवायची, फोटो काढायचा, चहा पाजायचा. ती खूश, आई खूश. कुणाला काय कळतंय?”

“फसवणूक आहे रे ही,” सुनील म्हणाला, पण त्याच्या आवाजात फार जोर नव्हता.

“दादा, आईचं तोंड बघून ठरव. आज तिला कळलं की पन्नास वर्षं आपण खुंटाला पाणी घातलं, आन् ज्यासाठी घातलं ते आपल्याच नेमानं मेलं, तर? ह्या वयात?”

सुवर्णाला भाऊजींचं बोलणं नेहमी अर्ध्यावर खटकायचं. आज खटकलं नाही. “ठेवा मागं,” ती म्हणाली. “पण फुलं तिकडच्या बाजूला करा. एकदम नव्यासारखी दिसतायत.”

“मी ऐकलंय सगळं,” मागून आवाज आला.

वेदिका न्हाणीच्या दारात उभी होती, खांद्यावर टॉवेल. सुनील-सुवर्णाची ही लेक तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये नोकरीला होती. गेल्या वर्षी गाडी चुकली म्हणून ती हॅदरबी नावाच्या एका छोट्या गावाच्या स्टेशनात थांबली होती, आणि तिथं भिंतीवरच्या जुन्या फोटोंत एका फोटोखाली तिला ‘देवळाली’ असं लिहिलेलं दिसलं होतं. फोटोत एक साहेब होता, शेजारी फेटेवाला माळी, आणि दोघांच्या मध्ये गुलाबाची वेल. त्या फेटेवाल्याचं नाक तिच्या बाबांचं होतं.

“बाळा, तू फक्त भाषांतर कर,” रवीराज म्हणाला.

“काका, मी त्या गावाला सांगितलंय की गुलाब जिवंत आहे. त्यांचा स्वतःचा राहिला नाही म्हणून ग्वेनबाई इथपर्यंत आल्यात. आणि आता आजीच्या तोंडावर मी नर्सरीच्या कुंडीचं भाषांतर करू?”

“मग काय करायचं?”

वेदिका आईकडे वळली. “मम्मी, तू पण?”

“पुरण वाटायचं राहिलंय,” सुवर्णा म्हणाली. ती आत गेली. पण जाताना तिनं डिकीचं झाकण खाली ओढलं. कुंडी गाडीतच राहिली.

*

ग्वेनबाई देवळाली कॅम्पमधून रिक्षानं आल्या. उंच, जरा वाकलेल्या, डोक्यावर कापडी टोपी. सुवर्णानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला तेव्हा त्या हलल्या नाहीत. पायावर पाणी घातलं तेव्हा मात्र गुदगुल्या झाल्यासारख्या हसल्या.

ओट्यावर सतरंजी होती, तरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती. त्या सतरंजीवरच बसल्या, सिंधुबाईंच्या शेजारी. दोघींच्या वयात चार-पाच वर्षांचंच अंतर असावं. वेदिका मध्ये बसली आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करू लागली.

“त्या म्हणतायत, हॅदरबी देवळालीपेक्षाही लहान. एक रस्ता, एक चर्च, एक स्टेशन. त्यांचे पणजोबा तिथं स्टेशनमास्तर होते. त्या लाइनवर दरवर्षी स्टेशनच्या बागांची स्पर्धा असायची, कुठल्या फलाटावरची बाग सगळ्यात सुंदर. गाडी थांबली की उतारू खिडकीतून डोकं काढून बाग बघायचे.”

“इथंबी तेच,” सिंधुबाई म्हणाल्या. “पारकीनसाहेब इथले स्टेशनमास्तर झाले, त्यांनी तेच इथं केलं. सांग तिला. मामंजी स्टेशनचे माळी. चुना लावलेल्या इटांचे वाफे. पांढऱ्या दगडांनी इंग्रजीत स्टेशनचं नाव मांडलेलं. इंजिनाला पाणी पाजायच्या नळाचं सांडलेलं पाणी पाटानं बागेला.”

ग्वेनबाईंनी ते ऐकलं आणि आनंदानं मान हलवली. हॅदरबीतही पांढऱ्या दगडांत नाव होतं, त्या म्हणाल्या. लहानपणी त्या त्यातल्या एका दगडावर बसून गाडीची वाट बघायच्या.

“आमची सासू, भागुबाई, डब्यांच्या खिडक्यांतून पेरू विकायची,” सिंधुबाई सांगत राहिल्या. त्या एरवी एवढं बोलायच्या नाहीत. रवीराज खांबाला टेकून आईकडे बघत होता. “लढाईच्या दिवसांत सोल्जरांच्या गाड्यांवर गाड्या. जाताना गाणी म्हणत जायचे. येताना पांढऱ्या पट्ट्या बांधलेले. मग बोटीची वाट बघत इथंच तंबूत पडून राहायचे, सहा सहा महिने. काहींचं डोकं फिरायचं. एक पोरगा रोज येऊन आमच्या सासूला विचारायचा, माझी बोट आली का म्हणून. ती रोज म्हणायची, उद्या येईल बाबा, पेरू खा.”

वेदिकानं सांगितलं तशा ग्वेनबाई पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या की त्यांच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला तुमच्या गावाचं नाव देतात. त्यांना लहानपणी हे खरं गाव आहे हेच माहीत नव्हतं. आजोबांसमोर कुणी ते बोललं तर आजोबा रागावायचे. म्हणायचे, ते माझं स्टेशन होतं.

“आमच्या गावाचं नाव वेड्याला?” रवीराज म्हणाला. “बरोबर आहे. आमच्याकडं बघूनच ठेवलं असंल.”

सुनील हसला. भावाच्या बोलण्यावर बऱ्याच महिन्यांनी.

पुढचं ग्वेनबाईंनी हळू सांगितलं. साठ सालानंतर सरकारनं त्यांची लाइन बंद केली. शेवटच्या गाडीच्या इंजिनाला गावानं आजोबांनी जिची काडी इकडे आणली होती त्या स्टेशनवरच्या वेलीची फुलं बांधली होती. मग रूळ उखडले, स्टेशनात जनावरांच्या खाद्याचं गोदाम झालं, आणि फलाट सपाट करताना यंत्रानं वेलही ओढून काढली. साठ वर्षांनी गावानं भांडून भांडून गाडी परत आणली. स्टेशन परत उभं केलं. दगड परत मांडले. फक्त वेल नव्हती.

“त्या म्हणतायत,” वेदिकाचा आवाज जरा खाली आला, “आजोबा म्हातारपणी अंथरुणात पडून तिचा रंग सांगायचे. म्हणायचे, आतून पेरूसारखी. आणि यांनी जन्मात पेरू पाहिला नव्हता.”

सिंधुबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण एका दमात. “चला,” त्या म्हणाल्या. “दाखवते.”

“आई, आधी जेवून घेऊ,” रवीराज एकदम पुढे झाला. “पोळ्या गार होतील.”

“वेल आधी.”

*

पंपघराशी सगळे अर्धगोल उभे राहिले. पांढऱ्या झुबक्यांवर मधमाशा होत्या. ग्वेनबाईंनी टोपी काढली. बराच वेळ बघितलं. मग एक फूल बोटांत धरून वास घेतला आणि फार सभ्य चेहऱ्यानं म्हणाल्या की छान आहे, खूप छान.

सिंधुबाईंना भाषांतर लागलं नाही. चांगल्या घरची बाई दुसऱ्याच्या घरी अळणी भाजी खाताना असाच चेहरा करते.

“वेदिका, सांग त्यांना,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “म्हातारी झालीये ती. पहिली गुलाबी होती. माझ्यासारखाच रंग गेला तिचा. पण तीच हाये. मामंजींनी बैलगाडीत घालून आणली. फलाट वाढवायचा होता म्हणून साहेबांनी जाण्याआधी स्वतः खणून दिली. पन्नास वर्षं लोखंड लावलं नाय. सांग ना.”

वेदिकानं तोंड उघडलं. ग्वेनबाई तिच्याकडे बघत होत्या. आजी बघत होती. रवीराज गाडीच्या दिशेनं एक पाऊल सरकला होता आणि तिथंच थांबला होता. वेदिकाला वाटलं, एक वाक्य आहे, म्हणून टाकावं. उद्या सकाळी ग्वेनबाई जातील, आजीचा तांब्या चालू राहील, कुणाचं काही बिघडणार नाही.

“आजी,” ती मराठीतच म्हणाली, “ही ती नाही.”

सिंधुबाईंना आधी कळलं नाही.

“हा खुंट आहे गं. त्याच्यावरचा गुलाब गेला. गुलाब म्हातारा झाला म्हणून पांढरा होत नाही.”

सिंधुबाईंनी मुलांकडे पाहिलं. सुनील खाली बघत होता. रवीराजही. सुनेकडे पाहिलं. सुवर्णाचे डोळे भरले होते.

“सगळ्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

पंप बंद होता, त्यामुळे मधमाशांचा आवाज मोठा वाटत होता. सिंधुबाई पंपघराच्या पायरीवर बसल्या. हात मांडीवर उताणे ठेवून.

“लोखंड मी लावू दिलं नाय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ठेव मीच बुडवली.”

रवीराजला आईचा तो उताणा हात बघवेना. गाडीतल्या कुंडीची त्याला लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, “वहिनी, आतून कुणी बघितलंय का कधी? भिंतीच्या बाजूनं? एवढ्या जाळीत काय हाये ते कुणाला ठाऊक?”

सुवर्णानं मान वर केली. कुणीच बघितलं नव्हतं. काटे होते, आणि वाट करायला लोखंड चालणार नव्हतं. बाहेरची पानं मोजून सगळ्यांनी आपापल्या परीनं दुःख करून घेतलं होतं.

“कासरा आणा,” ती म्हणाली.

गोठ्यातून दोर आला. सुनीलनं एका बाजूच्या फांद्यांना दोराचा वेढा दिला, रवीराजनं दुसऱ्या. दोघा भावांनी दोन्हीकडून ओढून धरलं तशी मध्ये माणूस वाकून जाईल एवढी फट झाली. रवीराजचा नवा शर्ट बाहीवर फाटला. सुवर्णानं पदर डोक्याला गुंडाळला आणि आत शिरली.

“दादा, सैल सोडू नको, वहिनी आत हाये.”

“तू तुझं धर. तुझीच बाजू लोंबतीये.”

“लहानपणी विटीदांडूतबी तू हेच म्हणायचा.”

आतून काहीच आवाज नव्हता. मग सुवर्णाचं खोकणं. मग परत काही नाही. ग्वेनबाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्या टोपी छातीशी धरून उभ्या होत्या आणि वेदिकाला विचारत नव्हत्या.

“आत्याबाई.”

सिंधुबाईंनी वर पाहिलं.

“आत्याबाई, भिंतीला चिकटून एक फांदी आहे. कलमाच्या गाठीच्या वरून निघालीये. पानं मोठी आहेत.” मग थांबून, एकेक शब्द सुटा करत, “पाच आहेत. सगळ्या देठांना पाचच. आणि टोकाला कळी आहे.”

सुनीलनं दोर आणखी घट्ट ओढला. “नीट बघ गं.”

“मी रोज हजार बघते हो. कळीला चीर पडलीये. आत गुलाबी दिसतंय.”

वेदिकानं ग्वेनबाईंना सांगितलं, पण अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत, आणि दोन्ही भाषांत रडत. मग ती धावत घरात गेली आणि परडीतला एक पेरू घेऊन आली. दातांनीच फोडला. लाल गराचा अर्धा भाग तिनं ग्वेनबाईंच्या हातावर ठेवला.

ग्वेनबाईंनी आधी पेरू पाहिला. मग ओणवी होऊन, सत्तरी उलटलेली ती बाई दोराच्या खालून, काट्यांतून आत डोकावली. किती वेळ तशीच राहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत पांढऱ्या पाकळ्या होत्या आणि ती हसत होती.

सिंधुबाई पायरीवरून उठल्या नव्हत्या. “रोज मी खुंटालाच पाणी घालत होते,” त्या म्हणाल्या. पण आता आवाज वेगळा होता.

सुवर्णा बाहेर आली. गालावर ओरखडा होता. “मग कुणाला घालणार आत्याबाई? मूळ त्याचंच आहे. खुंट वाळला असता तर ती फांदी कशावर जगली असती?”

सिंधुबाईंनी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि सुनेच्या गालावरचं रक्त पुसलं.

*

आता प्रश्न कापायचा होता. फांदी भिंत आणि खुंटाच्या मध्ये चेंगरली होती, या उन्हाळ्यात टिकली नसती. तिच्यावरचे डोळे काढून नव्या खुंटांवर भरायचे, एवढाच मार्ग होता. त्याला धारदार सुरी लागते.

“बांबूची काप करतो,” रवीराज म्हणाला. “पातळ तासली की सुरीसारखी चालती. लोखंड कुठं लागलं मग? नेमबी राहिला, कामबी झालं.”

“देवाला गुंडाळायचं का रवी?” सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या. “नेम धरायची रीत असती तशी सोडायचीबी असती. सुवर्णा, नारळ घे. हळदीकुंकू घे. आन् तुझी डोळे भरायची सुरी आण.”

त्यांनी पुन्हा चूळ भरली, पाय धुतले. वेलीच्या मुळाशी पाणी शिंपडून जागा सारवल्यासारखी केली. सुरी पाटावर ठेवून तिला हळदीकुंकू लावलं. नारळ दगडावर फोडला. मग हात जोडून, कुणाला ऐकू जावं म्हणून नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, त्या म्हणाल्या, “तू वाचावीस म्हणून धरला होता. आता तू वाचावीस म्हणूनच सोडते. चुकलं असंल ते पोटात घाल.”

सुरी त्यांनी स्वतः सुनेच्या हातात दिली.

आधी खुंटाच्या फांद्या कापून वाट केली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीवर ऊन पडलं. मग सुवर्णानं टोकाची कळी तशीच ठेवून त्या फांदीला बाजूनं फुटलेली वीतभर काडी घेतली. तिच्यावर तीन चांगले डोळे होते. पॉलीहाऊसजवळच्या तयार खुंटांवर ते भरताना तिच्या मागं अख्खं घर दाटीनं उभं होतं, आणि ती दोनदा म्हणाली, “उजेड अडवू नका.”

जेवताना पुरणपोळ्या गारच होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. ग्वेनबाईंनी तीन खाल्ल्या. झाड असं बॅगेत घालून परदेशी नेता येत नाही, तपासणी लागते, कागद लागतात, ते वेदिकानं समजावलं. डोळे धरले, फुटले, मोठे झाले, की एक रीतसर हॅदरबीला जाईल. सुनील म्हणाला, एक देवळालीच्या फलाटावर लावू द्या म्हणून तो स्वतः जाऊन परवानगी मागेल. रवीराज म्हणाला, मी पण येतो, तुला बोलता येत नाय साहेब लोकांसमोर. सुनील म्हणाला, ये.

“आणि ती कुंडी?” सुवर्णानं विचारलं.

“कसली कुंडी?” सिंधुबाईंनी विचारलं.

रवीराजला ठसका लागला. त्यानं सांगितलं. सिंधुबाईंच्या खांद्यावरचा पदर हलायला लागला. त्या हसत होत्या. “आण ती इकडं,” त्या म्हणाल्या. “तिचा काय दोष? तुळशीशेजारी ठेव.”

निघताना ग्वेनबाईंनी वेदिकाला काहीतरी हळू विचारलं.

“आजी, त्यांची गाडी उद्या सकाळी आहे, इथूनच, देवळालीहून. विचारतायत, कळी तोवर उमलेल का? नाही उमलली तरी चालेल म्हणतायत. पाहिली, तेवढं पुरे.”

सिंधुबाईंनी ग्वेनबाईंचा हात धरला. पेरूनं चिकट झाला होता.

“सांग तिला, घेऊन येते. साहेबांनी लावली होती तिथंच, नळाजवळ, उभी राहते.”

“आई, मी गाडीनं सोडतो सकाळी,” सुनील म्हणाला.

“बघू,” त्या म्हणाल्या.

*

सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांवर पदर घेऊन त्या पंपघराशी आल्या. घर झोपलं होतं. कालच्या कापलेल्या फांद्यांचा ढीग बाजूला पडला होता आणि भिंतीचा जुना चुना उघडा दिसत होता. त्यांनी तांब्या कलता केला. पाणी मुळाशी गेलं.

त्या थांबल्या. सासऱ्यांचा आवाज आला नाही.

त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली, सवयीनं. शेवग्यावर एक कावळा बोलला, तेवढंच. मग त्या वाकल्या. कळी रात्रीत उघडली होती, पूर्ण नाही, बाहेरच्या तीन-चार पाकळ्या मागं वळल्या होत्या. सिंधुबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लग्नाच्या वर्षीची ती नवी सून, जिनं हाच रंग पाहून सासूला विचारलं होतं की हे खायचं आहे का, ती त्यांना एकदम आठवली.

देठ त्यांनी नखानं खुडला. पितळी पेल्यात दोन बोटं पाणी घेतलं, फूल त्यात उभं केलं. पायांत चपला घातल्या. फाटकाची कडी वाजू नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलली.

पाटाच्या कडेनं स्टेशनची वाट जात होती. दूर लहवित स्टेशनाकडून मालगाडी येत होती, तिचा आवाज आधी जमिनीतून आला. वारा सुटला तसा सिंधुबाईंनी पेल्यावर पदराचा आडोसा धरला आणि पाणी सांडणार नाही अशा बेतानं चालायला लागल्या.